धुरपताबाई किती भिजवतात

आमच्या भागात दिवाळी झाली की मंडया सुरू होतात. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. त्या दिवशी लेकी-जावई येतात, सोयरे येतात, दिवसभर बाजार भरतो आणि रात्री दंडार, म्हणजे नाचगाण्याचा खेळ, नाही तर नाटक होतं. एका गावची मंडई आटोपली की दुकानदार गाड्या जुंपतात आणि पुढच्या गावाची वाट धरतात. पार पुसापर्यंत, म्हणजे पौषापर्यंत, हे चालतं.

या फिरत्या दुकानदारांत धुरपताबाई जिलेबीवाल्या होत्या. जिलेबी तळणारे आणखीही होते; पण बांगडीवाले, फुटाणेवाले, खेळणीवाले मंडईच्या आदल्या सांजेला मुद्दाम वाट वाकडी करून धुरपताबाईंच्या गाडीशी यायचे आणि विचारायचे, "का वो बाई, किती भिजवलं?"

जिलेबीचं पीठ आदल्या दिवशीच भिजवावं लागतं. ते रात्रभर आंबलं तरच दुसऱ्या दिवशी कढईत जिलेबी फुलते. बांगडीवाल्याच्या बांगड्या खपल्या नाहीत तर तो त्या पुढच्या गावी नेतो. फुटाणे आठ-आठ दिवस राहतात. भिजवलेलं पीठ मात्र राहत नाही. जास्त भिजवलं तर आंबटढाण होऊन बैलांपुढे जातं; कमी भिजवलं तर दुपारीच कढई उतरवून दुसऱ्याच्या दुकानावरची गर्दी बघत बसावं लागतं. थोडक्यात, उद्या या गावाच्या हातात काय असेल ते जिलेबीवालीला आजच ठरवावं लागतं. धुरपताबाईंचा अंदाज सहसा चुकत नसे. चुकला तर त्या तो चारचौघांत मोठ्याने सांगत, आणि बरोबर आला तर त्याहून मोठ्याने.

त्यांच्या मोठ्या आवाजाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. बाई उंच, रुंद खांद्याच्या, नाकात फुली, हातावर तेलाच्या जुन्या चटक्यांचे डाग. नवरा दुधराम गाडी हाकायचा आणि बोलायचा फार कमी. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "माह्या वाट्याचं थेच बोलते." घरची थोडी धानाची जमीन होती. पावसाळ्यात शेती आणि हिवाळ्यात मंडया असा दोघांचा संसार.

माझी त्यांची ओळख विहिरीवर झाली. माझे पती पिपरटोल्याच्या प्राथमिक शाळेत मास्तर म्हणून आले आणि आम्हाला गावाच्या टोकाचं घर मिळालं, मंडईच्या मैदानाला लागून. आमच्या विहिरीचं पाणी गोड. धुरपताबाईंना पीठ भिजवायला तेच पाणी हवं असे. कुमुद तेव्हा चालायला लागली होती. तिला कडेवर घेऊन मी ओट्यावर बसायचे, आणि त्या परातीत हात घालून पीठ फेटता फेटता मला गाव वाचून दाखवायच्या.

"मास्तरीनबाई, आज येतानी पाह्यलं, नागऱ्याच्या देवळापासून इथवर पाव्हणे पायी येऊन राहिले. मागच्या साली गाड्या होत्या."

"मग कमी भिजवणार?"

"थांबा ना वो. पायी आले मनून काय झालं? बाया नव्या लुगड्यात हायेत. लुगडं मंडईच्या आधी घेतात, गाडी मंडईच्या दिवशी सांगतात. लुगडं घेतलं मंजे पैसा हाय, तरी गाडी नाही. मंजे मधल्या महिन्यात बैलायलेच कायतरी झालं."

आणि झालंच होतं. जनावरांत साथ आली होती, बैल बसले होते, म्हणून गाड्या नव्हत्या. पैसा होता. त्यांनी भरपूर भिजवलं आणि सगळं खपलं.

मी नागपूरच्या कॉलेजात अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाले होते. बाजारभाव, रेल्वेने गेलेला माल, पेरलेलं क्षेत्र, कामावरच्या माणसांची संख्या अशा आकड्यांवरून देशाची तब्येत कशी ओळखतात, ते आम्हाला शिकवलं होतं. परीक्षेपुरतं ते मला छान येत होतं. विहिरीवर बसून मी तेच धुरपताबाईंना सांगितलं. कोणते आकडे आधी हलतात, कोणते मागून येतात, एकाच आकड्यावर का विसंबू नये, पुढच्या पाच वर्षांची योजना आजच कशी आखावी लागते. त्यांनी पिठातून हात काढून माझ्याकडे पाहिलं.

"मंजे दिल्लीत बी कोनी उद्याचं भिजवून राहिलं मना की."

त्या दिवसापासून आमचं जमलं. नागपूरचं वर्तमानपत्र आमच्याकडे गोंदियाहून एक-दोन दिवस शिळं येई. त्यातला धानाचा भाव मी त्यांना वाचून दाखवायचे. भाव चढलेला ऐकून मी एकदा म्हटलं, "चला, शेतकऱ्याला बरं." त्या म्हणाल्या, "ज्याची ढोली भरली हाय त्याले बरं. कापनीच्या तोंडावर भाव चढला मंजे कोनाची तरी ढोली भरनार नाही, हे व्यापाऱ्याले आधी समजलं." ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची भली मोठी कोठी, शेणामातीने लिंपलेली. आमच्याकडे घराची ऐपत ढोलीवरून कळते, आणि ती आतल्या खोलीत असते, म्हणजे कुणाला दिसत नाही. धुरपताबाईंची सगळी विद्या न दिसणाऱ्या ढोलीत काय आहे ते बाहेरून ओळखण्याची होती.

एकदा मात्र त्या जबर फसल्या होत्या, आणि ती गोष्ट मला त्यांनीच सांगितली. त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. आमगावच्या बाजूला एका मंडईत त्यांची जिलेबी दुपारच्या आत संपली. लोक पावशेर-अर्धाशेर बांधून नेत होते. "मी दुधरामले मनलं, पाहा, गाव कसं सोन्याचं हाय!" पंधरा दिवसांनी शेजारच्या गावाची मंडई होती. तिथे त्यांनी दुप्पट भिजवलं. दुसऱ्या दिवशी कोणी फिरकलं नाही. पिठाच्या घागरी ओढ्यात ओतल्या. मग चौकशी केली तेव्हा कळलं की त्या भागात चारा संपला होता आणि लोकांनी मंडईच्या आठवड्यातच बैलबाजारात बैल विकले होते.

"बैल इकून आलेला मानूस पोट्ट्यायसाठी जिलेबी घेतेच वो बाई. हातात रोकड असते, जीव जळत असते. पोट्टं मागते, तो नाही मनत नाही. माही जिलेबी खपली ना, ते सुखाची खपली नवती." मग म्हणाल्या, "तवापासून माह्या सोताच्या खपावर मी भरोसा ठेवत नाही. कोनं काय देऊन घेतलं, ते पायते."

देऊन घेतलं म्हणजे काय, ते सांगायला हवं. खेड्यात पोरं जिलेबीला पैसे थोडेच आणतात! फ्रॉकच्या ओच्यात, टोपीत, लोट्यात धान आणतात. धुरपताबाई तो टोपलीत ओतून घेत, तराजूशिवाय नुसत्या हाताने अंदाज करत, आणि त्यातला एक दाणा दाताखाली घेऊन मगच जिलेबी देत. पोरांना वाटायचं ही म्हातारीची सवय. त्या दाताखालच्या दाण्यात त्या गावचं पीक तपासत होत्या.

आता ज्या मंडईसाठी हे सगळं सांगते आहे, तिच्याकडे येते.

सत्तावन्न सालच्या पुसात आमच्या गावची मंडई भरायची होती. कुमुद चौथीत होती. पुढची शाळा गोंदियात, आणि वाटेत एक मोठा नाला. आदल्या पावसाळ्यात त्याच नाल्यात गोंदियाला दूध नेणारा एक धट्टाकट्टा माणूस वाहून गेला होता. कुमुदला मी रोज त्या वाटेने पाठवू शकत नव्हते, आणि इतक्या लहान पोरीला दुसऱ्याच्या घरी ठेवायला माझं मन धजत नव्हतं. गावातल्या इतर मुलींचं तर चौथीनंतर शिकणं संपतच होतं. तेवढ्यात जनपदचे, म्हणजे तालुक्याच्या शाळा बघणारे, साहेब येऊन सांगून गेले की गावाने मृगाच्या आधी दोन खोल्या उभ्या केल्या, भिंती आणि कवेलूचं, म्हणजे कौलांचं, छप्पर, तर जूनपासून पाचवीचा वर्ग आणि मास्तर देऊ. नाही तर तो वर्ग आणि मास्तर दुसऱ्या गावी जातील. हे ऐकल्यापासून मला त्या दोन खोल्यांपलीकडे काही सुचत नव्हतं.

त्या साली हत्तीचं पाणी पडलं नव्हतं. म्हणजे हस्त नक्षत्रातला शेवटचा पाऊस, ज्याच्यावर उशिरा पिकणारा भारी धान पोसतो. पण त्याआधीचा पाऊस उत्तम झाला होता, त्यामुळे धान कमरेएवढा वाढला होता. कापणीनंतर खळ्याखळ्यावर तणशीचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, असे उंच ढीग उभे राहिले की लांबून येणारा म्हणेल, गाव सुखी आहे. गोवर्धन पटेलही तेच म्हणत होते. गावचा मोठा माणूस, मनाने उदार, शाळेसाठी माझ्याइतकाच आसुसलेला. त्यांनी मंडईसाठी लांबून दंडारीचा संच ठरवला आणि गोंदियाहून गॅसबत्त्या मागवल्या.

आदल्या दिवशी धुरपताबाई आल्या. नेहमीप्रमाणे गावातून एक फेरी मारली, विहिरीवर बसल्या आणि निम्मंच पीठ भिजवलं.

पटेल स्वतः बघायला आले. "का वो धुरपता, म्हातारी झाली का? तनशीचे ढीग नाही पाह्यले काय?"

"पाह्यले जी."

"मंग?"

"तनस बैल खाते पटेल. जिलेबी मानूस खाते."

आजूबाजूचे हसले. पटेलही हसले. "उद्या दुपारी कढई रिकामी झाली तं माह्यापाशी रडत येजो नोको."

"मी रडत नाही. माहं पीठ रडते," बाई म्हणाल्या. मला मात्र त्यांनी हळू आवाजात सांगितलं की खळ्यांच्या कडेला उपणलेल्या फोलाचे ढीग धानाच्या राशीपेक्षा मोठे दिसले. दाणा भरलाच नव्हता. नुसती टरफलं वाऱ्यावर उडाली होती.

दुसऱ्या दिवशी मात्र पटेल जिंकले. मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं ओच्यात धान घेऊन रांगा लावत होती. दुपार कलायच्या आत धुरपताबाईंची परात कोरडी झाली. पटेल पाहुण्यांना घेऊन मुद्दाम त्यांच्या दुकानावरून गेले.

"का वो, किती भिजवलं होतं?"

"कमी भिजवलं पटेल. चुकली मी," बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या.

सांजेला, दंडार उभी राहायच्या आधी, पटेलांनी मंचावर चढून शाळेची गोष्ट काढली. लेकी-जावई समोर बसलेले, गॅसबत्त्या फुसफुसताहेत. त्यांनी जाहीर केलं की दर नांगरामागे एक पोतं धान शाळेसाठी, होळीच्या आधी. सगळा धान गोंदियाच्या गिरणीत विकायचा आणि त्या पैशांत विटा, कवेलू, लाकूड आणायचं. सगळ्यांनी हात वर केले. जावयासमोर कोण नाही म्हणेल? टाळ्या वाजल्या. मी रडले, आनंदाने.

सकाळी मैदानात मळलेली पानं आणि राख उरली होती. दुधराम गाडीत भांडी चढवत होता. धुरपताबाईंनी मला हाक मारली. त्यांच्यापुढे कालच्या धानाची टोपली होती, आणि बाजूला फडक्यावर काही वाळलेली पानं काढून ठेवली होती. कडुनिंबाची.

"कढई खाली झाली मनून काल धान पाखडत बसली होती," त्या म्हणाल्या. "हे त्याच्यात निंगालं."

मला काही कळलं नाही. कडुनिंबाचा पाला धानात काय नवल?

"खायाच्या धानात कोनी पाला घालते का वो? खायाचा धान रोज काढा लागते. पाला बियान्याच्या ढोलीत घालतात, कीड लागू नये मनून. पोट्ट्यायनं काल मले बियानं देल्लं."

मी लगेच वाद घालायला लागले. त्यांचं म्हणणं खरं निघालं तर काय होईल, हे मला त्याच क्षणी दिसलं होतं. "पोरं चोरतात हो धुरपताबाई. आईची नजर चुकवून हाताला लागेल ते उचलतात."

"चोरतेत ना. हाताला लागते तेच चोरतेत. बियान्याची ढोली सगळ्यात मांगं, तोंड लिपून. लिपलेलं तोंड पोट्टी फोडते का? तोंड आधीच फुटलं हाय, मनून तिच्या हाताला लागलं." त्यांनी मूठभर धान उचलला. "आनि एका घरचं नाही. हा पाहा, हा जाड, हा लालसर, हा लांब. एक पान निंगालं असतं तं मी बी चोरीच मनली असती. काल माही जिलेबी का खपली, ते आता समजून राहिलं. पुसातच लोक बियान्यावर आले. नांगरामांगं पोतं घेसान तं देतीन. जबान देल्ली हाय, पाव्हण्यायसमोर. देतीन आनि जेठात पेरायले काही राहनार नाही. मंग कोनी कोहमाऱ्याले जाईन सडकेच्या कामावर, कोनी जाईन बिडीच्या कारखान्यात. पोट्टे संगं नेतीन. मास्तरीनबाई, तुमची शाळा उभी राहीन. बसायले कोन राहीन?"

"पण मृगाच्या आधी नाही झाली तर शाळाच जाईल! माझी कुमुद कुठे जाईल?" मी ओरडलेच बहुतेक, कारण पटेल मैदानापलीकडच्या त्यांच्या ओट्यावरून उठून आमच्याकडे आले.

बाईंनी त्यांनाही तेच सांगितलं. पटेल चिडले. "काल चुकली मनत होती, आज पुन्हा हुशारी? मी पाव्हण्यायसमोर शबद देल्ला. आता मांगं घेऊ?"

"पाव्हणे गेले ना जी? जिलेबी खाऊन गेले, तुमचा शबद बी खाऊन गेले."

"मस्करी नोको करू. गावात धान हाय. ढीग पाह्य."

धुरपताबाईंनी टोपली पटेलांपुढे सरकवली. टोपलीच्या एका कोपऱ्यात त्यांनी थोडा धान वेगळा काढून ठेवला होता, बारीक, पिवळसर. तो त्यांनी पटेलांच्या हातावर ठेवला. पटेलांनी सवयीने तो तळहातावर चोळला, फुंकर मारली आणि नाकाशी नेला. चिन्नोर. त्याचा वास लपत नाही. गावात चिन्नोर एकाच घरी पेरला जात होता, पटेलांच्या. त्या मुठीतही एक वाळकं पान होतं.

पटेलांनी ते पान उचलून उलटून पाहिलं. दंडारीचा संच, गॅसबत्त्या, तीन दिवसांची पंगत, यांचा खर्च त्यांनी बाहेर केला होता. आत, त्यांच्या बायकोने, रुख्मिणीबाईंनी, पाहुण्यांना जेवायला वाढण्यासाठी काय उघडलं, ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. घरच्या बायका सांगत नाहीत. त्यांची नात फ्रॉकच्या ओच्यातून ते सांगून गेली होती.

"माहं बी," ते एवढंच म्हणाले. मग गाडीच्या जुवावर बसले.

धुरपताबाईंना त्या वेळी त्यांची चेष्टा करता आली असती. मी त्यांना ओळखत होते. जीभ शिवशिवत असणार. त्या म्हणाल्या, "पटेल, धान नाही, हे समजलं. आता काय हाय ते पाहा."

आणि मग त्यांनी जे मोजून दाखवलं ते मी कॉलेजात कुठल्याच प्राध्यापकाकडून ऐकलं नव्हतं. पीक बुडालं होतं म्हणून उपणणं-कांडणं लवकर संपलं होतं, म्हणजे माणसं रिकामी होती. पाऊस लवकर थांबला म्हणून गावची बोडी, म्हणजे शेतातला लहान तलाव, आटली होती आणि तिच्या तळाशी चिकण माती उघडी पडली होती. तणस होती, भिंतीच्या मातीत तुडवायला. आणि फोल होतं, ढीगच्या ढीग.

"माही भट्टी कोंड्यावर जळते," त्या म्हणाल्या. "फोलावर कवेलूची भट्टी काऊन नाही जळनार? धान विकून कवेलू इकत कायले आनता? इथंच भाजा. पोतं पुढच्या मंडईले घ्या, दाना भरल्यावर."

"आनि नाही भरला तं?"

"तं मी बी नाही भिजवनार," बाई म्हणाल्या. पटेल पहिल्यांदा हसले.

त्याच सांजेला चावडीवर पटेलांनी सांगितलं की नांगरामागचं पोतं कायम आहे, पण ते पुढच्या मंडईला घेऊ. यंदा घरटी एक माणूस द्या. आपल्या घरी बियाण्याची ढोली उघडली गेली, हेही त्यांनी सांगितलं. हे सांगायला त्यांना कोणी भाग पाडलं नव्हतं. ते ऐकल्यावर चावडीवर जो सुस्कारा उठला तो मला अजून आठवतो. प्रत्येकाला वाटत होतं की अब्रू फक्त आपल्याच घरची गेली आहे. संक्रांतीला हळदीकुंकवाला घरोघर गेले तेव्हा मी आतल्या ढोल्यांकडे पाहिलं. फुटलेली तोंडं शेणामातीने पुन्हा लिंपली होती, अजून ओली.

मंगरू कुंभाराने साचे दिले आणि कवेलू कसं थापायचं ते शिकवलं. धुरपताबाईंचा मंडयांचा हंगाम संपला होता. त्यांनी दुधरामला गाडीसह ठेवून दिलं, माती वाहायला. स्वतः आठवड्याला एकदा यायच्या, भट्टीभोवती फिरायच्या आणि सगळ्यांना बोल लावायच्या. पहिली भट्टी फसली. फोल भसकन जळून गेलं आणि कवेलू कच्चे राहिले. "जाळ केला, भट्टी नाही केली!" त्यांनी मंगरूला सुनावलं. "फोलाले दाबून भरा लागते. उघडं ठेवसान तं तमाशा, दाबसान तं आंच." दुसऱ्या भट्टीत तणस आणि फोल थरावर थर दाबून भरलं, आणि कवेलू खणखणीत निघाले. ज्या पिकाने गावाला उपाशी ठेवलं, त्याच्याच टरफलांवर शाळेचं छप्पर भाजलं गेलं.

सगळंच साधलं असं नाही. बिसरामकडचं बियाणं तोवर संपून गेलं होतं. होळीनंतर तो बायको-मुलीला घेऊन कोहमाऱ्याला गेला. त्याची मुलगी सुकवारो कुमुदच्या शेजारी बसायची. आणि मृग लागला तेव्हा एकाच खोलीवर कवेलू चढले होते. दुसरीवर तणशीचं छप्पर होतं. पंधरा दिवसांनी साहेब आले, दोन्ही खोल्यांकडे पाहत उभे राहिले. पटेल म्हणाले, "साहेब, कवेलू दिवाळीले चढतीन. पन पाहा, पोट्टे पुरे हायेत." त्यांनी हात केला त्या बाजूला पटावरची, एक सुकवारो सोडून, सगळी मुलं-मुली, धुतलेल्या कपड्यांत, ओळीने बसली होती. बांध्यांत पेरलेला धान उगवून आला होता, म्हणून त्यांचे आईबाप गावात होते. साहेबांनी सही केली.

कुमुद पाचवीत बसली. नाल्याला त्या वर्षीही पूर आला. मी तो आमच्या ओट्यावरून पाहिला.

पुढच्या पुसात धुरपताबाई आल्या. कोहमाऱ्याच्या बाजूच्या मंडया करून येताना त्यांनी बिसरामला गाडीत घालून आणलं होतं. रस्त्यावर गाठून त्याला म्हणाल्या होत्या म्हणे, "गावात दाना भरला, तू इथं दगड कायले फोडून राहिला?" सुकवारो एक वर्ष मागे पडली, पण बसली. बाईंनी गावात नेहमीची फेरी मारली. तणशीचे ढीग या वर्षी बेताचे होते. खळ्यावरच्या राशी त्यांनी पाहिल्या, फोल पाहिलं, आणि विहिरीवर येऊन बसल्या.

"मास्तरीनबाई, भाव काय मनते?"

मी वर्तमानपत्र आणायला उठले, पण कुमुद आधीच घेऊन आली होती. तिने बाजारभावाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि मोठ्याने, अडखळत, गोंदियाच्या धानाचा भाव वाचला. धुरपताबाईंनी पिठातला हात थांबवून ऐकून घेतलं. मग घरात जाऊन कुमुदने ओच्यात थोडा धान आणला, गावाने आम्हाला खळ्यावरून दिलेला, आणि त्यांच्यापुढे केला. बाईंनी एक दाणा उचलला, दाताखाली धरला. कट् असा आवाज झाला.

"दुधराम," त्यांनी गाडीकडे तोंड करून हाक मारली, "मैद्याचं दुसरं पोतं उतरव."